मुंबईचा प्लेग आणि रिकाटी पितापुत्रांचे समीकरण

मुंबईतील जुन्या गावठाणांतून हिंडणाऱ्यास रस्त्याच्या कडेला, घरांच्या अंगणात, दोन वाड्यांमधल्या बोळाच्या तोंडाशी दगडी क्रूस उभे असलेले दिसतात. त्यांपैकी काही प्लेगच्या वर्षांतले आहेत. ज्यांच्या घरावरून साथ गेली आणि जे मागे उरले, त्यांनी नवसापोटी किंवा कृतज्ञतेपोटी ते उभारले. आपल्या समाजाने त्या साथीची आठवण अशी दगडात कोरून ठेवली. त्याच साथीची आणखी एक आठवण लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १९२७ सालच्या कार्यवृत्तात जपलेली आहे, हे मात्र आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. ती आठवण एका समीकरणाच्या रूपात आहे. आज जगभरच्या विद्यापीठांत साथीच्या रोगांचे गणित ज्या निबंधापासून शिकवावयास आरंभ करतात, त्या निबंधात उदाहरण म्हणून घेतले आहेत ते मुंबई बेटावरील प्लेगचे मृत्यू. आणि ज्या गणिती साधनांनी ते उदाहरण सोडविले, त्यांतील एक साधन इटलीतील एका येशूसंघीय धर्मगुरूने घडविले होते. या तीन धाग्यांची गुंफण कशी झाली, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम समीकरणाविषयी दोन शब्द. शाळेत आपण जी समीकरणे सोडवितो त्यांत एखादी संख्या अज्ञात असते. अवकल समीकरणाची गोष्ट वेगळी आहे. तेथे एखादी राशी किती आहे हे सांगितलेले नसते. ती कोणत्या वेगाने बदलते एवढेच सांगितलेले असते, आणि त्यावरून त्या राशीचा पुढचा सारा प्रवास शोधावयाचा असतो. कपातला चहा भोवतालच्या हवेपेक्षा जितका अधिक गरम, तितक्या अधिक वेगाने तो निवतो, हे एक विधान झाले. ते गणिताच्या भाषेत लिहिले की अवकल समीकरण तयार होते, आणि ते सोडविले की दहा मिनिटांनी चहा किती गरम असेल ते सांगता येते. रेडियमसारखी द्रव्ये याच नियमाने क्षीण होतात. रक्तात मिसळलेली पुष्कळशी औषधे याच नियमाने उतरत जातात, म्हणूनच डॉक्टर एखादी गोळी दर आठ तासांनी घ्यावयास सांगतो. बदल एकाच चलावर, बहुधा काळावर, अवलंबून असेल तर अशा समीकरणास सामान्य अवकल समीकरण म्हणतात. न्यूटन आणि लायबनिट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलनशास्त्र सिद्ध केल्यापासून निसर्गाचे बहुतेक नियम याच रूपात मांडले गेले. पुलाची तुळई भाराने किती वाकेल, तारेतून वाहणारा विद्युत्प्रवाह क्षणाक्षणाला कसा बदलेल, उपग्रह कोणत्या कक्षेत फिरेल, हे सारे याच भाषेत विचारावयाचे प्रश्न होत.

परंतु समीकरण मांडणे आणि ते सोडविणे यांत मोठे अंतर आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील गणितींना या अंतराची तीव्र जाणीव झाली होती. बदलाचा वेग राशीच्या पहिल्या घातावर अवलंबून असेल तर उत्तर मिळत असे. राशीचा वर्ग मध्ये आला की वाट अडे. या अडलेल्या वाटेवर ज्यांनी चिकाटीने काम केले, त्यांत काउंट याकोपो रिकाटी यांचे नाव अग्रभागी आहे.

याकोपो रिकाटी यांचा जन्म १६७६ साली व्हेनिस येथे झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण ब्रेशा येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात झाले. पुढे पादुआ विद्यापीठात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला; परंतु मन रमले ते गणितात. रशियाच्या झार पीटरने त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद देऊ केले होते. कुटुंब आणि गाव सोडून जाणे त्यांना रुचले नाही. कास्तेलफ्रांको या आपल्या गावी राहून त्यांनी नगराचा कारभार पाहिला, अठरा अपत्यांच्या प्रपंचातून वेळ काढून गणित केले, आणि व्हेनिसच्या प्रजासत्ताकास कालव्यांच्या व बंधाऱ्यांच्या कामी सल्ला दिला. १७२४ साली त्यांनी लाइपझिगच्या एका नियतकालिकात ज्या समीकरणाची चर्चा केली, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बदलाचा वेग राशीच्या वर्गावर, राशीवर आणि एका स्वतंत्र पदावर अवलंबून असतो, असे त्याचे स्वरूप. स्वित्झर्लंडच्या बर्नुली घराण्यातील तरुण डॅनियल बर्नुली यांनी त्याच वर्षी त्या समीकरणाच्या काही प्रकारांची उत्तरे प्रसिद्ध केली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

मिलानच्या मारिया गाएताना आन्येसी यांनी आपला कलनशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिताना याकोपो रिकाटींकडूनच हस्तलिखित तपासून घेतले होते. १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाने त्यांचे नाव युरोपभर झाले. तरी पुढील आयुष्य त्यांनी मिलानमधील निराधार वृद्धांच्या व रोग्यांच्या सेवेत घालविले. गणित आणि सेवा हे दोन मार्ग परस्परांना परके आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

याकोपोंचा पुत्र विन्चेन्झो याचा जन्म १७०७ सालचा. १७२६ साली त्याने येशूसंघात प्रवेश केला आणि पुढे बोलोन्या येथील संघाच्या विद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकविले. फादर विन्चेन्झो यांची मोठी कामगिरी म्हणजे अपास्तीय फलनांचा पद्धतशीर अभ्यास. वर्तुळावरून ज्याप्रमाणे आपल्या परिचयाची ज्या आणि कोज्या ही फलने मिळतात, त्याचप्रमाणे अपास्त नावाच्या वक्रावरून त्यांची भावंडे शोभतील अशी दुसरी फलने मिळतात. विजेच्या दोन खांबांमध्ये सैल सोडलेली तार ज्या आकारात लोंबते, तो आकार यांपैकीच एका फलनाचा असतो. १७५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फादर विन्चेन्झो यांनी या फलनांचे नियम मांडले, त्यांसाठी चिन्हे योजिली आणि समीकरणे सोडविण्यासाठी त्यांचा उपयोग करून दाखविला. वडिलांच्या नावाच्या समीकरणातील सर्व सहगुणक स्थिर असतील, तर पुष्कळदा त्याचे उत्तर मुलाने अभ्यासलेल्या फलनांतच सापडते, हा गणिताच्या इतिहासातील एक लोभस योग आहे.

हे गणित केवळ कागदावरचे नव्हते. पो, आदिजे, रेनो या नद्यांच्या पुरांनी उत्तर इटलीची शेती आणि गावे वारंवार बुडत. त्या पुरांना आवर घालण्याच्या योजनांत फादर विन्चेन्झो यांचा सल्ला घेतला जाई. १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला. फादर विन्चेन्झो यांना विद्यालय सोडून आपल्या कुटुंबाकडे त्रेव्हिसो येथे परतावे लागले. त्यानंतरच्याच वर्षी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने त्यांच्या जलविषयक कामाबद्दल सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला, आणि १७७५ साली ते निवर्तले.

रिकाटींच्या समीकरणाचा संसार पुढे किती विस्तारला, याची दोन उदाहरणे येथे देतो. आकाशातून पडणारा पावसाचा थेंब घ्या. गुरुत्वाकर्षण त्याचा वेग वाढविते. हवा त्यास अडविते, आणि हा अडथळा साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेगाच्या बदलाचे समीकरण रिकाटींच्याच घराण्यातले झाले. त्याचे उत्तर सांगते की थेंबाचा वेग प्रथम झपाट्याने वाढतो आणि मग एका मर्यादेपाशी स्थिरावतो. तसे नसते तर आषाढातला पाऊस छत्री फोडून डोक्यात शिरला असता. दुसरे उदाहरण अभियांत्रिकीतले आहे. १९६०–६१ साली रूडॉल्फ कालमान यांनी, प्रथम एकट्याने आणि मग रिचर्ड ब्यूसी यांच्या सहकार्याने, त्रुटिपूर्ण मोजमापांतून यानाची खरी स्थिती हुडकून काढण्याची पद्धत शोधली. तिच्या गाभ्याशी रिकाटी समीकरणाचेच विस्तारित रूप आहे. चंद्राकडे गेलेल्या अपोलो यानांनी याच पद्धतीच्या आधारे वाट काढली, आणि आज विमानांपासून खिशातल्या दूरध्वनीपर्यंत सर्वत्र स्थाननिश्चितीसाठी ती वापरली जाते.

आता रोगांकडे वळू. डॅनियल बर्नुली यांनी १७६० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. विषय होता देवीच्या रोगाचा. त्या काळी निरोगी माणसाच्या शरीरात देवीच्या रोग्याची लस मुद्दाम टोचून त्यास सौम्य आजार आणण्याची प्रथा होती. त्यात थोडा धोका असे. काही माणसे त्यानेच दगावत. मग टोचावे की न टोचावे? बर्नुली यांनी देवीने मरणाऱ्यांचे प्रमाण घेऊन अवकल समीकरण मांडले व सोडविले. देवीचा रोग नाहीसा झाला तर नवजात अर्भकाचे सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे त्यांचे उत्तर आले. सदसद्विवेकाच्या प्रश्नास गणिताची जोड मिळण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग होय. त्यास आक्षेपही लगेच आले. दालांबेर यांचे म्हणणे असे की, आज मरण्याचा धोका आणि पुढे कधीतरी लाभणारी वर्षे यांची बेरीज-वजाबाकी कोणाही आईला इतक्या सहजी करता येत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही.

मुंबईत प्लेग आला तो १८९६ साली. मांडवी भागात दवाखाना चालविणारे गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टर आकासियो गाब्रियेल व्हिएगश यांनी सप्टेंबरच्या २३ तारखेस हा गाठीचा प्लेग असल्याचे जाहीर केले. पुष्कळांना ते पटले नाही. काहींना ते पटवून घ्यावयाचे नव्हते, कारण बंदराचा व्यापार बुडण्याची भीती होती. निदान खरे ठरले. त्यानंतरच्या महिन्यांत शहरातील वस्तीचा फार मोठा भाग घरदार सोडून बाहेर पडला. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्यांना बळजबरीने इस्पितळात हलविणे, सामानाची होळी, यांनी लोक संतप्त झाले. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः त्या रोगास बळी पडल्या. २२ जूनच्या रात्री त्याच शहरात चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. रोगाइतकीच रोगावरील उपायांनी माणसे पोळली, असा तो काळ होता.

याच काळात मुंबईत विज्ञानाचेही मोठे काम चालले होते. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलली. ही वास्तू इंग्रजांच्या हाती पडण्यापूर्वी येशूसंघीयांच्या ताब्यात होती आणि तिच्यात प्रार्थनामंदिर होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो असे दाखवून दिले होते. परंतु त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळला व मुंबईच्या चाळींत कसोशीचे प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. ज्या पिंजऱ्यांत पिसवा शिरू शकत नव्हत्या, त्यांतले प्राणी वाचले. सिमाँ यांचे म्हणणे सिद्ध झाले. त्याच वेळी शहरात दर आठवड्यास प्लेगने किती माणसे मेली याची काटेकोर नोंद होत होती. पुढे गणितींच्या हाती पडले ते हेच आकडे.

रोगांच्या गणिताचा दुसरा उगमही भारतातलाच. अल्मोड्यास जन्मलेल्या रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस डासाच्या पोटात मलेरियाचे परोपजीवी पाहिले, आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मलेरिया नष्ट करावयाचा तर शेवटचा डासही मारला पाहिजे, आणि ते अशक्य आहे, असे टीकाकार म्हणत. रॉस यांनी समीकरणे मांडून दाखविले की तसे नाही. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आणली की रोग आपोआप मावळेल. शेवटचा डास जिवंत राहिला तरी चालेल. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात अवकल समीकरणाने दिलेला हा पहिला मोठा दिलासा होय.

रॉस यांच्यासमवेत १९०१ साली सिएरा लिओनच्या मलेरिया मोहिमेवर गेलेले एक तरुण डॉक्टर होते अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि पुढे कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. गणित ते स्वतःच शिकले. रॉस यांच्या सहवासाने त्यास दिशा मिळाली. प्रकृती बिघडल्याने १९२० साली ते स्कॉटलंडला परतले आणि एडिंबरा येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. तेथे त्यांना विल्यम ओगिल्व्ही केरमॅक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभला. १९२४ च्या जूनमध्ये प्रयोगशाळेत दाहक अल्कलीचा स्फोट झाला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी केरमॅक यांची दृष्टी कायमची गेली. त्यांनी काम सोडले नाही. इतरांनी वाचून दाखवावे, त्यांनी मनात बीजगणित करावे आणि तोंडी सांगावे, असा क्रम सुरू झाला. मुंबईच्या प्लेगचा वक्र ज्या निबंधात रेखाटलेला आहे, त्याच्या दोन लेखकांपैकी एकाला तो वक्र डोळ्यांनी पाहता येत नव्हता.

त्यांच्या निबंधातील मूळ कल्पना साधी आहे. वस्तीचे तीन भाग करावेत: ज्यांना रोग अद्याप झालेला नाही ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मृत्यू पावून रोगाच्या कचाट्यातून बाहेर पडले ते. पहिल्या भागातून दुसऱ्यात जाणाऱ्यांचा वेग निरोगी व रोगी यांच्या गाठीभेटींवर, म्हणजे त्या दोन संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. दुसऱ्या भागातून तिसऱ्यात जाणाऱ्यांचा वेग रोग्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. झाली तीन अवकल समीकरणे. त्यांतून जो निष्कर्ष निघतो तो रॉस यांच्या निष्कर्षाचा धाकटा भाऊ शोभावा असा आहे. निरोगी माणसांची संख्या एका उंबरठ्याच्या वर असेल तरच साथ भडकते; उंबरठ्याखाली आली की साथ ओसरू लागते. समजा, आरंभी एक रोगी बरा होण्यापूर्वी सरासरीने दोघांस रोग देतो. निम्मी वस्ती कोणत्याही कारणाने सुरक्षित झाली की तोच रोगी सरासरीने एकालाच रोग देऊ शकेल, आणि साथीचे बळ सरेल. याचा अर्थ असा की साथ थांबते तेव्हा गावातील सारी माणसे रोगाने गाठलेली नसतात. काही सुटून राहतात. आणि याचाच दुसरा अर्थ असा की लस प्रत्येकास टोचता आली नाही तरी पुरेशा लोकांस टोचली तर न टोचलेले तान्हे मूलही वाचते. शेजाऱ्याच्या दंडावरील लस आपल्या घराचे रक्षण करते, ही गोष्ट या समीकरणांनी सिद्ध केली.

ही तीन समीकरणे नेमकी सोडविणे अवघड होते. केरमॅक व मॅकेंड्रिक यांनी साथ लहान आहे असे मानून एक सोपे रूप घेतले. त्या रूपात रोगातून बाहेर पडलेल्यांच्या संख्येच्या बदलाचा वेग त्याच संख्येच्या पहिल्या व दुसऱ्या घातावर अवलंबून राहतो आणि सहगुणक स्थिर असतात. वाचकांनी ओळखले असेलच, हे याकोपो रिकाटी यांचे समीकरण होय. आणि त्याचे उत्तर फादर विन्चेन्झो यांच्या अपास्तीय फलनांत मिळते. दोघा स्कॉटिश शास्त्रज्ञांनी हे उत्तर १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या ३१ आठवड्यांतील मुंबईच्या प्लेगमृत्यूंशी जुळवून पाहिले. त्यांच्या सूत्राप्रमाणे आठवड्यागणिक मृत्यूंची संख्या अगदी आरंभी सुमारे ४ येते, पाचव्याच्या शेवटी २९, दहाव्याच्या शेवटी १९२, आणि सतराव्याच्या शेवटी ८९० हे शिखर. तेथून वक्र ज्या उताराने चढला त्याच उताराने उतरतो: चोविसाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा १९२, एकोणतिसाव्याच्या शेवटी २९. आरंभी मृत्यू साधारणतः बारा दिवसांत दुप्पट होत जातात. साऱ्या वक्राखालची बेरीज ८,९०० होते. खरे आकडे या वक्राच्या आसपासच राहतात.

१७ डिसेंबरपासून सतरा आठवडे मोजले तर १५ एप्रिल १९०६ ही तारीख येते. त्या वर्षी तो ईस्टरचा रविवार होता. म्हणजे सारा उपवासकाळ शहराने वक्राच्या चढणीवर काढला, आणि ज्या सप्ताहात चर्चमधून प्रभूच्या मरणाचे व पुनरुत्थानाचे विधी झाले, त्याच्या आसपास दररोज शंभराहून अधिक प्रेते प्लेगने पडत होती. निबंधातील आलेखावर या सप्ताहाचा एक लहानसा ठिपका आहे. ठिपक्यास नाव, गाव, धर्म नसतो. आम्हांस हे त्या शास्त्रज्ञांचे काठिण्य वाटत नाही. मोजणे हा मृतांकडे पाहण्याचा एक मार्ग आहे, आणि ज्या नगरपालिकेने आपले मृत मोजले नसते तिच्या प्लेगपासून जगाला काहीही शिकता आले नसते. तरीही मोजणीने जे सांगितले त्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न उरतोच.

कारण येथे एक अडचण आहे. वक्र जुळला म्हणजे कारण सापडले, असे समजणे धोक्याचे असते. १९०६ साली मुंबई बेटाची वस्ती नऊ लाखांहून अधिक होती. प्लेगने आजारी पडलेल्यांपैकी बहुतेक मरत, हे लक्षात घेतले तरी त्या मोसमातील रोगी सारे मिळून शंभरात एकाच्या आसपास भरतात. आता प्लेग माणसाकडून माणसास लागतो असे मानून, याच समीकरणावरून एक रोगी किती काळ रोग पसरवीत असावा याचा हिशेब आम्ही करून पाहिला. उत्तर येते दोन-अडीच तास! एवढ्या वेळात रोगी रोग देऊन मोकळा होतो, असे कोणताही वैद्य मानणार नाही. वक्र सुरेख जुळला, पण माणसामाणसांतील संसर्गाची ती कहाणी नव्हती.

हे त्या दोघांना ठाऊक होते. मुंबईची माणसे मरत होती ती उंदरांच्या साथीची सावली म्हणून, हे त्यांनी निबंधातच स्पष्ट केले आहे. उंदीर सर्वत्र सारखेच रोगप्रवण आहेत, त्यांच्या भेटी सर्वत्र सारख्याच होतात, पिसवा मुबलक आहेत, ही गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत आणि म्हणून सूत्र फार ढोबळ समजावे, असा इशाराही त्यांनी दिला. शिवाय मुंबईचा प्लेग दर वर्षी हिवाळ्यात चढे आणि पावसाळ्यापर्यंत उतरे; ऋतूंचा हा फेरा त्या समीकरणात मुळीच नाही. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितीने हाच दोष पुढे मांडला आणि उंदीर, पिसवा व ऋतुमान यांना धरून मुंबईच्या आकड्यांचा पुन्हा विचार केला. पाठ्यपुस्तकांनी मात्र कित्येक दशके वक्र उतरवून घेतला आणि इशारा गाळला. मूळ लेखकांची नम्रता नक्कल करणाऱ्यांत उतरली नाही.

या विस्मृतीची किंमत आपण अलीकडेच मोजली आहे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि केरमॅक-मॅकेंड्रिक यांची समीकरणे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने देशाने साथीचे शिखर ओलांडल्याचे आणि पथ्ये पाळली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल असे अनुमान सांगितले. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, आणि प्राणवायूवाचून माणसे कशी गेली ते आपण सर्वांनी पाहिले. समीकरणाने आपले गृहीतक सांगितलेले असते: पथ्ये पाळली तर, विषाणू तोच राहिला तर, माणसे तशीच वागली तर. ऐकणारे हा ‘तर’ विसरतात, आणि पुष्कळदा सांगणारेही तो हळू आवाजात सांगतात.

म्हणून समीकरणे टाकून द्यावीत काय? तसे मुळीच नाही. त्यांच्यावाचून रॉस यांना डासांविरुद्ध लढण्याचे धैर्य मिळाले नसते, आणि देवीच्या रोगाचा पृथ्वीवरून समूळ उच्छेद झाल्याची १९८० सालची घोषणा करता येण्याइतपत लसीकरणावर जगाचा विश्वास बसला नसता. रेनो नदीला किती पाणी येईल हे फादर विन्चेन्झो यांना अचूक सांगता आले नसते. पण बांध किती उंच असावा याचा विचार त्यांनी हिशेबाने केला, अंदाजाने केला नाही. पुढे पूर आला तेव्हा बांधावर पहारा ठेवावाच लागला असणार. गणित पहाऱ्याची गरज नाहीशी करीत नाही. पहारा कोठे ठेवावा हे सांगते. व्हिएगश यांनी मांडवीत रोग्याच्या काखेतली गाठ हाताने चाचपून पाहिली, पालिकेच्या कारकुनांनी आठवड्याचे मृत्यू वहीत उतरविले, परळच्या संशोधकांनी पिंजऱ्यांतले प्राणी मोजले, आणि एडिंबऱ्यात एका दृष्टिहीन माणसाने त्या साऱ्यातून एक नियम मनातल्या मनात जुळविला. यांपैकी एकाचेही काम दुसऱ्यावाचून पुरे झाले नसते. आपल्या मुलांना महाविद्यालयात अवकल समीकरणे रुक्ष वाटतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यांना शिकविताना कधीतरी १९०६ सालच्या ईस्टरच्या सप्ताहातला तो ठिपका दाखवावा, आणि त्याखाली किती घरे आहेत ते त्यांनाच मोजू द्यावे.